घरचं घरी, कामाचं कामावर? कर्मचाऱ्यांचा संसार आणि धंद्याचं गणित

आमच्याकडे डिस्पॅचच्या टेबलावर एक माणूस होता. सहा वर्षांत त्याच्या नावावर एकही चूक नव्हती आणि मग तीन आठवड्यांत चार झाल्या. दोन पार्सलांचे पत्ते अदलाबदल झाले, एका चलनावर (मालासोबत जाणाऱ्या कागदावर) नग दुप्पट लिहिले गेले आणि एक गाडी कागदपत्रांविनाच सुटली. मी मेमो लिहून तयार ठेवला होता. त्यात तारीख-वेळ घालायची म्हणून चारही चलनं काढली, तर प्रत्येकावरची वेळ पावणेचार ते सव्वाचारच्या मधली!

विचारल्यावर उलगडा झाला. त्याच्या बायकोची पाळी बदलली होती आणि मुलीला शाळेतून आणायला कोणी उरलं नव्हतं. कधी शेजारी आणायचे, कधी त्यांना जमायचं नाही. पावणेचार वाजले की हा कान आणि खांद्याच्या मध्ये फोन धरून कोणाकोणाची मनधरणी करायचा आणि त्याच वेळी हातांनी लेबलं चिकटवायचा. आम्ही चारची गाडी पाचवर नेली. त्याला मधला पाऊण तास मोकळा दिला, तेवढा वेळ तो सकाळी लवकर येऊन भरू लागला. पत्ते पुन्हा चुकले नाहीत. मेमो मी फाडून टाकला, पण देणार होतो हेही खरं.

हा लेख छोट्या-मध्यम धंद्याच्या मालकांसाठी, टीम लीडसाठी आणि एचआरमधल्या मंडळींसाठी आहे. लोकांचे संसार सुधारण्याचे उपाय यात सापडणार नाहीत, कारण ते आपलं काम नाही. घरातलं कामावर कसं येतं आणि कामातलं घरी कसं जातं, ते ओळखून आपल्या हातातलं तेवढं दुरुस्त कसं करायचं, एवढाच विषय आहे.

आधी यंत्रणा समजून घ्या

घर आणि नोकरी ही दोन वेगळी जगं आहेत, या समजुतीला रोझाबेथ मॉस कँटर या अभ्यासक महिलेने १९७७ साली सरळ 'मिथक' म्हटलं. पुढे १९८५ मध्ये ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या दोघांनी या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले. रोजच्या व्यवस्थापनात आजही मला ही विभागणी सगळ्यात उपयोगी वाटते, कारण प्रत्येक प्रकाराचं औषध वेगळं आहे.

पहिली ओढाताण वेळेची. माणूस एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. आमचा डिस्पॅचवाला याच प्रकारातला. इथे समुपदेशन, प्रेरणादायी भाषण वगैरे काही कामाचं नाही, वेळापत्रक बदलावं लागतं.

दुसरी ताणाची. रात्री भांडण झालं, झोप लागली नाही, सकाळी माणूस वेळेवर हजर, पण एकच ईमेल तीनदा वाचतोय. हजेरीपटावर हा पूर्ण दिवस दिसतो, कामात अर्धाही नसतो. याला उसंत लागते आणि त्या दिवशीचं जोखमीचं काम दुसऱ्याकडे द्यावं लागतं.

तिसरा प्रकार वागण्याचा, आणि याच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. वसुलीच्या कामात दिवसभर दरडावून बोलणारा माणूस घरी मुलांशीही त्याच सुरात बोलतो. घरी सगळ्यांचं ऐकून घेणारी बाई वाटाघाटीच्या टेबलावर पहिल्याच आकड्याला मान डोलावते. एका जागी चालणारी सवय दुसऱ्या जागी नडते. यावर प्रशिक्षणाचा काही प्रमाणात उपयोग होतो, बाकीचं काम अनुभव करतो.

ताण किती मोठा असतो याचा अंदाज यावा म्हणून एक जुनी मोजपट्टी सांगतो. होम्स आणि राही यांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांना गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, विभक्त होणं ६५. लग्न ५०, आणि नोकरीवरून काढून टाकलं जाणं ४७! म्हणजे लग्नाचे पेढे वाटून जो पुन्हा कामावर रुजू होतो, त्याच्यावरही बदलाचा भार नोकरी गेलेल्या माणसाइतकाच असतो. याच यादीत सासरच्यांशी बेबनाव २९ वर आहे आणि साहेबाशी बेबनाव २३ वर. आपण साहेब लोक स्वतःला जरा जास्तच महत्त्व देतो, एवढं यावरून कळतं.

धंद्याला याचा फटका बसतो का? १९९६ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीवर आधारलेल्या एका अभ्यासात वैवाहिक तणाव आणि बुडालेलं काम यांचा संबंध तपासला गेला. त्यातून वर्षाकाठी सुमारे ६.८ अब्ज डॉलरचं नुकसान होत असल्याचा अंदाज निघाला, आणि हा संबंध लग्नाला दहा वर्षंही न झालेल्या पुरुषांत विशेष ठळक होता. त्याआधी १९८९ मध्ये १६६ जोडप्यांनी ४२ दिवस रोज लिहिलेल्या नोंदींचा अभ्यास झाला होता. त्यातही घरचा ताण कामावर नेण्याचं प्रमाण बायकांपेक्षा नवऱ्यांमध्ये जास्त दिसलं. मुलाखतीत बाईला 'लग्नानंतर काम जमेल ना?' असं विचारणाऱ्यांनी हे दोन अभ्यास टेबलाच्या काचेखाली ठेवावेत.

याला दुसरी बाजूही आहे. सॉलोमन आणि जॅक्सन यांनी २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सुमारे साडेचार हजार विवाहितांची माहिती तपासली. जोडीदार कर्तव्यदक्ष आणि नेटका असेल तर माणसाचं कामातलं समाधान, उत्पन्न आणि बढतीची शक्यता वाढलेली दिसली. म्हणजे तुमच्या उत्तम विक्री प्रतिनिधीच्या कामगिरीत अशा एका व्यक्तीचा वाटा आहे, जिला तुम्ही पगार देत नाही आणि कदाचित कधी भेटलेलाही नाहीत.

पायरी १: स्वतःच्या नोंदी उघडा

बाहेरचे अभ्यास दिशा दाखवतात, पण निर्णय आपल्या आकड्यांवर घ्यावा. मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी घ्या आणि एका शीटवर चार गोष्टी उतरवा: आयत्या वेळी घेतलेल्या रजा, चुका किंवा परत आलेला माल, नाकारलेल्या रजा आणि राजीनामे. प्रत्येकापुढे वार लिहा, शक्य असेल तिथे वेळही. बास.

नावं या शीटवर नकोत आणि लग्न झालंय की नाही, मुलं किती, हे तर अजिबात नको. शोधायचाय तो आकृतिबंध, माणूस नाही. चुका ठरावीक तासाला वाढतात का? आयत्या वेळच्या रजा एखाद्याच विभागात साचल्या आहेत का? रजा नाकारल्यानंतर दोन-तीन महिन्यांत राजीनामा आला, असं किती वेळा झालं? हा शेवटचा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तेव्हा मला घाम फुटला होता. पाचपैकी तीन राजीनाम्यांआधी नाकारलेली रजा होती आणि त्यातल्या दोन रजांवर सही माझीच होती.

मग खर्च काढा. एक माणूस गेला की जाहिरात, मुलाखतींचे तास, नव्याचं शिकणं आणि तोवर इतरांचा ओव्हरटाइम, या सगळ्याची बेरीज करा. कागदावर हा आकडा आला की पुढच्या पायऱ्यांसाठी वरिष्ठांना पटवणं सोपं जातं. 'माणुसकी म्हणून' या शब्दांवर मंजूर झालेलं बजेट मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

पायरी २: गळती कुठून आहे ते बघा

घरचं भांडण कामावर आलं असं आपण म्हणतो, पण ते भांडण लागलं कशावरून? बरेचदा कामावरूनच. 'सातला येतो' म्हणून नऊला येणं, रविवारी जेवताना वाजणारा फोन, तिसऱ्यांदा पुढे ढकललेली सुट्टी. काम घरात शिरतं, तिथे धुसफूस होते आणि तीच धुसफूस दुसऱ्या दिवशी पंचिंग करून परत येते. म्हणून आधी स्वतःकडे बघायचं.

पाळ्यांपासून सुरुवात करा. हॅरिएट प्रेसर यांच्या २००० सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासात, मुलं असलेल्या आणि लग्नाला पाच वर्षंही न झालेल्या पुरुषांमध्ये कायमच्या रात्रपाळीमुळे संसार मोडण्याची शक्यता दिवसपाळीच्या तुलनेत सुमारे सहापट आढळली. रात्रपाळी बंद करणं अनेक धंद्यांना शक्य नसतं, मान्य. पण ती कोणाला, किती दिवस आणि किती आधी सांगून द्यायची, हे आपल्या हातात असतं.

'किती आधी' हा माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. माणूस कामाच्या तासांपेक्षा अनिश्चिततेने जास्त पिचतो. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी आपण मोकळे आहोत की नाही हेच माहीत नसेल, तर तो डॉक्टरची वेळ घेऊ शकत नाही, मुलाला शब्द देऊ शकत नाही, आणि जोडीदाराच्या दृष्टीने कायमचा बेभरवशाचा ठरतो. गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या २८ दुकानांत २०१५-१६ मध्ये एक प्रयोग झाला. काही दुकानांत पाळी सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळा स्थिर केल्या, एका माणसाला शक्यतो तीच पाळी दिली, आपसात पाळी बदलायची सोय मोबाइलवर करून दिली. त्या दुकानांची विक्री साधारण ७ टक्क्यांनी आणि श्रमाची उत्पादकता ५ टक्क्यांनी वाढली. पगारवाढीचा यात भाग नव्हता.

तुमच्याकडे हे असं करता येईल. रोस्टर, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, किमान दोन आठवडे आधी लावा. लावल्यानंतरचा प्रत्येक बदल एका वहीत लिहा: कोणी केला, का केला. ही वही महिनाभर ठेवली की गंमत कळते. आमच्याकडे तातडीच्या म्हणून केलेल्या बदलांपैकी निम्म्याहून अधिक बदल खरं तर नियोजनातल्या विसरण्यामुळे झालेले होते. गिऱ्हाइकाची ऑर्डर दहा दिवस आधी आलेली, पण उत्पादनाच्या माणसाला आदल्या संध्याकाळी सांगितलेली. त्याची भरपाई कोणीतरी आपल्या घरच्या वेळातून करत होतं.

पाळी बदलायची परवानगी सुपरवायझरच्या मर्जीवर ठेवू नका. दोघांचं कौशल्य सारखं असेल आणि दोघं राजी असतील तर फक्त नोंद पुरेशी आहे.

मेसेजचंही ठरवून टाका. कामाच्या वेळेनंतर ग्रुपवर काही टाकायचं नाही, खरंच आग लागली असेल तर फोन करायचा. फोन करताना माणूस दहादा विचार करतो, मेसेज करताना करत नाही.

पायरी ३: लवचिकता द्या, पण प्रयोग म्हणून

'सगळ्यांना घरून काम' किंवा 'कोणालाच नाही', ही दोन्ही टोकं आळसातून येतात. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत १,६१२ जणांवर सहा महिने चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातले दोन दिवस घरून काम केलेल्यांचे राजीनामे सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरीच्या मूल्यमापनात किंवा बढतीत फरक पडला नाही. मला त्यातला सगळ्यात बोलका भाग वाटतो तो मॅनेजरांचा. प्रयोगाआधी उत्पादकता घटेल असं त्यांचं सरासरी मत होतं, प्रयोगानंतर ते थोडीशी वाढते असं झालं.

तुमचं काम मशीनवर किंवा काउंटरवर असेल तर घरून काम हा प्रश्नच नाही. तिथे सुरू होण्याच्या वेळेत अर्ध्या-एक तासाची मुभा, अर्ध्या दिवसाऐवजी दोन तासांची रजा, जेवणाची सुट्टी पुढे-मागे घेण्याची सोय, एवढ्यानेही बरंच सुटतं. एकच टीम निवडा, आठ आठवडे चालवा, आणि सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवा की काय मोजणार: आयत्या वेळच्या रजा, चुका, वेळेत गेलेलं काम. आधी लिहिलं नाही तर नंतर जो तो आपल्या सोयीचा आकडा काढतो.

सवलत मागताना कारण विचारू नका. 'मुलाला आणायचंय' म्हणणाऱ्याला मिळते आणि 'मला पोहायला जायचंय' म्हणणाऱ्याला मिळत नाही, असं झालं की अविवाहित मंडळींच्या मनात पहिली ठिणगी पडते. 'तुला काय, तू एकटाच आहेस, थांब की' हे वाक्य ऐकून ऐकून चांगली माणसं जातात. त्यांनाही आई-वडील असतात, आजारपणं असतात आणि नुसतं निवांत बसायचाही हक्क असतो.

पायरी ४: सुपरवायझरला बोलायला शिकवा

धोरण कितीही चांगलं असलं तरी ते कर्मचाऱ्याच्या हातात पडतं ते थेट वरिष्ठाच्या तोंडून. कुटुंबाची कदर करणाऱ्या वरिष्ठाच्या वागण्याचे लेस्ली हॅमर, एलन कोसेक आणि सहकाऱ्यांनी चार भाग सांगितले आहेत: आपुलकीने ऐकणं, प्रत्यक्ष मदत करणं, स्वतःच्या वागण्यातून उदाहरण देणं, आणि कामाची रचनाच अशी करणं की कामही होईल आणि घरही सांभाळलं जाईल. पहिला भाग बहुतेकांना जमतो. चौथा फार थोड्यांना.

संभाषण कसं असावं, ते एका खऱ्या प्रसंगातून सांगतो. आमच्या हिशेब विभागातल्या एक ताई सलग तीन दिवस उशिरा आल्या. नव्याने झालेल्या टीम लीडने सगळ्यांसमोर विचारलं, "काय ताई, घरी सगळं ठीक ना?" विचारणं मनापासूनच होतं, पण ताईंचा चेहरा पडला. घरी ठीक नव्हतं आणि ते चव्हाट्यावर मांडायचं नव्हतं. त्यांनी 'हो, ठीक आहे' म्हणून विषय संपवला आणि आठ दिवसांनी राजीनाम्याचा मेल केला.

तो मेल आल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन एवढंच म्हणालो, "ताई, कारण सांगू नका. पुढचा महिनाभर वेळेचं कसं केलं तर तुम्हाला जमेल, तेवढं सांगा." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "साडेदहाला आले तर चालेल? महिनाअखेरीचे हिशेब बंद करून देईन, ते चुकणार नाही." चाललं. सहा आठवड्यांनी त्या परत साडेनऊला यायला लागल्या. घरी काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही, आणि माझं काही अडलेलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नवीन टीम लीडला हाच धडा पहिला देतो: घराची चौकशी करू नका, वेळेची करा. एकट्यात बोला. जे दिसलं तेवढंच सांगा ('या आठवड्यात तीन दिवस उशीर झाला'), अंदाज बांधू नका. मुदत ठरवा आणि त्या दिवशी पुन्हा बसा. मुदत नसलेली सवलत सहा महिन्यांनी भांडणाचं कारण होते. कोणी आपणहून मन मोकळं केलंच तर ऐका, सल्ला देऊ नका, आणि ते बाहेर जाऊ देऊ नका. 'मी कोणाला बोललो नाही, फक्त एचआरला सांगितलं' हेसुद्धा बाहेर जाणंच आहे, त्या व्यक्तीला विचारलं नसेल तर.

याला अपवाद एकच. घरी मारहाण किंवा जिवाला धोका असल्याचं दिसत असेल, तर गप्प बसू नका. एकट्यात, तिला किंवा त्याला विचारून, मदत करणाऱ्या यंत्रणेचा संपर्क द्या. कामाच्या जागी येऊन कोणी त्रास देऊ शकत असेल तर स्वागतकक्षाला आणि सुरक्षारक्षकाला गरजेपुरतं सांगून ठेवा. बसायची जागा किंवा निघायची वेळ बदलावी लागली तर तीही बदला. जोडीदाराचा फोन आला म्हणून 'ती आत्ता कुठे आहे' हे परस्पर सांगायचं नाही, हा नियम तर सगळ्यांसाठीच असावा.

पायरी ५: मोठ्या प्रसंगांची आधीच तयारी

लग्न, बाळंतपण, आजारपण, घटस्फोट, मृत्यू. वीस जणांच्या ऑफिसात वर्षभरात यातलं काही ना काही घडणारच. तरीही दरवेळी आपली तारांबळ उडते, जणू पहिल्यांदाच होतंय.

प्रत्येक महत्त्वाच्या कामाला दुसरा माणूस तयार ठेवा आणि त्याच्याकडून तिमाहीतून एकदा ते काम प्रत्यक्ष करून घ्या. नुसतं कागदावर नाव असलेला बदली माणूस ऐन वेळी पासवर्ड शोधत बसतो. लांबच्या रजेवर जाणाऱ्याशी निघण्यापूर्वीच परतीचं बोला: पहिले दोन आठवडे किती तास, कोणतं काम आधी, बढतीचा विचार कुठवर आलाय. बाळंतपणानंतर परतलेल्या बाईला तिला न विचारता 'हलकं' काम देणं ही दयेच्या वेषातली पदावनती आहे. बाप झालेल्या पुरुषाला रजा घेतल्याबद्दल चिडवणं हा त्याच नाण्याचा दुसरा छाप. कामगारांच्या कौटुंबिक जबाबदाऱ्यांबाबतचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक १५६ हा १९८१ चा आहे आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होतो. रजेचे नेमके नियम मात्र आपापल्या देशाच्या कायद्यात पाहून घ्या.

घटस्फोटातून जाणाऱ्याला कोर्टाच्या तारखा असतात, त्या पुढे-मागे होतात आणि त्यासाठी रजा मागताना माणूस ओशाळतो. 'वैयक्तिक कामासाठी' एवढं कारण तुमच्या रजेच्या अर्जात चालतं का, ते आजच तपासा.

नवरा-बायको दोघंही तुमच्याकडेच असतील तर एकाचं मूल्यमापन, पगार किंवा बिलाची मंजुरी दुसऱ्याच्या हातात ठेवू नका. बाकी त्यांच्यावर विशेष नजर ठेवायची गरज नाही.

पायरी ६: मालकाचं घर

हे शेवटी लिहितोय, कारण पहिल्यांदा लिहिलं असतं तर तुम्ही पुढे वाचलं नसतं. डेन्मार्कमधल्या कंपन्यांचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना असं दिसलं, की प्रमुखाच्या घरात जोडीदाराचा किंवा मुलाचा मृत्यू झाल्यावर कंपनीचा नफा घटतो. कर्मचाऱ्याच्या घरचं एका टेबलापुरतं जाणवतं, प्रमुखाच्या घरचं अख्ख्या ताळेबंदात. तेव्हा पायरी ५ मधला बदली माणूस सगळ्यात आधी स्वतःसाठी तयार करा. सह्यांचे अधिकार कोणाकडे, बँकेत कोण जाणार, मोठ्या गिऱ्हाइकाशी कोण बोलणार, हे एका पानावर लिहा आणि ते पान दोघांकडे द्या.

आणि मेसेजचा नियम स्वतः पाळा. मी रात्री साडेअकराला 'उद्या बघितलं तरी चालेल' असं लिहून मेल टाकायचो आणि स्वतःला समजूतदार समजायचो. एकदा एका सहकाऱ्याच्या बायकोशी कार्यक्रमात भेट झाली. ती हसत म्हणाली, "तुमचं 'उद्या चालेल' आलं की हे लगेच लॅपटॉप उघडतात." आता रात्री सुचलेलं मी लिहून ठेवतो आणि मेल सकाळी नऊची वेळ लावून सोडतो. ती सोय मेलमध्ये आधीपासून होती, मी कधी शोधलीच नव्हती.